लॉर्ना आणि वीस वर्षं

अकोल्यात वाढलेल्या माणसाला ट्रंपेट म्हणजे वरातीचा बँड. त्यामुळे लॉर्ना पहिल्यांदा ऐकली तेव्हा, बाप्पा, हे वाद्य असंही वाजतं? असं झालं. आणि त्याच्या वरताण तिचा घोगरा, बिनधास्त आवाज! कोंकणी अर्धीच कळली, पण 'बेबदो' म्हणजे बेवडा, हे कळायला शब्दकोश लागत नाही.

लॉर्ना कोर्देरो. जन्म १९४६. त्या काळात बाईचा आवाज म्हणजे लताबाईंसारखा बारीक आणि सोज्वळ, असं आपल्याकडे ठरूनच गेलेलं. ही मात्र ख्रिस पेरीच्या बँडबरोबर मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत जॅझ गायची. तोच जॅझ कोंकणीत घालून पेरीनं तिच्यासाठी गाणी केली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्या रेकॉर्ड्स आल्या आणि गोव्यात घराघरांत वाजल्या.

मग दोघांचं बिनसलं. पेरी सोडून दुसऱ्या कुणाबरोबर गायचं नाही असा करार होता, असं सांगतात. आपण कंपनीचा बाँड पैसे भरून मोडतो हो, पण गळ्याचा कसा मोडायचा? जवळजवळ दोन दशकं ती गायलीच नाही.

१९९५ मध्ये रॉनी मोन्सेरातनं 'हॅलो लॉर्ना' करून तिला परत आणलं. लोकांनी डोक्यावर घेतलं. २०१४ मध्ये या दोघांच्या गोष्टीवर 'नाचूं-या कुंपासार' हा सिनेमा आला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

सगळं छानच. फक्त परतली तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती.