वांग वियेंग : एका पेल्यानंतरचे तास

लाओसमधल्या वांग वियेंगला नोव्हेंबर २०२४ मध्ये झालेल्या मिथेनॉलच्या विषबाधेने सहा परदेशी प्रवासी दगावले : दोन डॅनिश, दोन ऑस्ट्रेलियन, एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन. ऑस्ट्रेलियन मुली १९ वर्षांच्या होत्या. पुढचा घटनाक्रम त्यांच्यापैकी कुणा एकाचा नाही. हे विष शरीरात ज्या क्रमाने काम करतं, तो क्रम एका कल्पित प्रवासी मुलीच्या रात्रीवर मांडला आहे.

संध्याकाळी ६. चुनखडीच्या उभ्या डोंगरांमधून नाम सोंग नदी वाहते. तिच्यावर दुपारभर ट्यूबमध्ये तरंगून मुलगी मुक्कामी परतली आहे. काठावरचे बेफाम बार लोक बुडून मरू लागल्यामुळे २०१२ मध्ये सरकारने बंद पाडले. त्यानंतर गाव पुष्कळ शांत झालं. २०२१ च्या अखेरीस रेल्वे आली आणि राजधानी व्हिएन्टियान जवळ आली.

रात्री ८. एका लाओ कुटुंबाच्या दुकानाबाहेर तिला आग्रहाने बसवून घेतलं जातं. इथे पिण्याची रीत वेगळी. पेला एकच असतो, आणि तो हातोहात फिरतो. यजमान आधी स्वतः घेतो, मग त्याच पेल्यात पाहुण्याला ओततो. नको म्हणणं अवघड जातं, पण ओठ टेकवून मान राखता येतो. चिकट तांदळाची घरगुती दारू, लाओ-लाओ, कडक असते. परक्या माणसाला भीती वाटते ती तिचीच. खरं तर तांदळाच्या आंबवणात मिथेनॉल फारच थोडं तयार होतं. माणसं घाऊक मरतात ती बहुधा कारखान्यातलं स्वस्त मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे.

रात्री ९.३०. प्रवाशांच्या बारमध्ये फुकट शॉट वाटले जातात. ही रीत लाओसची नाही, स्वस्तात जग फिरणाऱ्यांची आहे, आणि ती मुलीला घरच्यासारखी ओळखीची वाटते. म्हणूनच इथे ती सावध राहत नाही. दारू कुठली, कुणी भरली, असं कुणी विचारत नाही. मिथेनॉलला वेगळा रंग नाही. मिसळल्यावर चवीवरून ते ओळखता येत नाही. सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे आपल्याकडचा एक छोटा पेग, जीव घेऊ शकतो. त्याहून बराच कमी डोळे घालवू शकतो.

रात्री ११.३०. बर्फ घातलेली बिअरलाओ चालू आहे. या क्षणी तीच तिला वाचवते आहे. यकृतातलं एकच विकर दोन्ही अल्कोहोल फोडतं आणि त्याची पसंती नेहमीच्या मद्याला, इथेनॉलला असते. ते संपेपर्यंत मिथेनॉल रक्तात नुसतं फिरत राहतं.

पहाटे ५. ती झोपली आहे. इथेनॉल संपत आलं आहे. विकर आता मिथेनॉलकडे वळतं. त्यापासून फॉर्मल्डिहाइड होतं आणि त्याचं फॉर्मिक आम्ल. हे आम्ल पेशींना प्राणवायू वापरू देत नाही. सर्वांत आधी होरपळते डोळ्यांची नस.

सकाळी ११. डोकं जड, थोडी मळमळ. खोलीतल्या मैत्रिणी म्हणतात, रात्रीची उतरली नाही, पाणी पी, झोप. हा सल्ला प्रेमाचा आहे आणि मला या सगळ्या क्रमात सर्वांत जास्त छळतो तो हाच तास. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. तिथेही लोक रात्री पिऊन घरी झोपले आणि दुसऱ्या दिवशी कोसळू लागले. त्यांची बातमी जगभर तितकी गाजली नाही, बहुधा ते परदेशी पर्यटक नव्हते, वस्तीतले कष्टकरी होते म्हणून. दोन्हीकडे विष तेच आणि फसवणूकही तीच : पहिल्या तासांत काहीच होत नाही, मग जे होतं ते ओळखीचं वाटतं. आत्ता कुणी तिला गाडीत घातलं असतं, तर उपचार सोपे होते. फोमेपिझोल हा उतारा जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०१३ पासून आहे. तो नसेल तर डॉक्टर मोजून इथेनॉल देतात. विकर पुन्हा त्यात गुंतून पडतं आणि डायलिसिसची सोय होईपर्यंत वेळ मिळतो.

संध्याकाळी ७. पोटात कळा, उलट्या. दिव्याकडे पाहिलं की सगळं पांढरं दिसतं, बर्फाच्या वादळातून पाहिल्यासारखं. मळमळ नशेनंतर कुणालाही होते, पण नजर अशी अंधुक होत नाही. मैत्रिणी आता घाबरतात. तरी सकाळी बघू, असं ठरतं.

मध्यरात्री २. श्वास खोल आणि जलद. रक्त आम्लधर्मी झालं आहे आणि शरीर ते श्वासावाटे सावरू पाहतं. ती हाकेला ओ देत नाही.

पहाटे ३. गावातल्या दवाखान्यात सलाइन लागतं. रक्तातलं मिथेनॉल मोजायची सोय नाही, डायलिसिसही नाही. व्हिएन्टियान सुमारे १३० किलोमीटरवर. तिथून मेकाँगवरचा पूल ओलांडून थायलंड, आणि मग तिथल्या उदोन थानी शहरातलं रुग्णालय.

सकाळी ९. झटके येऊन गेले आहेत. मेंदूला सूज आहे. व्हेंटिलेटर, सोडाबायकार्ब, इथेनॉल, डायलिसिस, सगळं एकाच वेळी सुरू होतं आणि दुपारपर्यंत रक्तातलं आम्ल बऱ्यापैकी उतरतं. मेंदूची सूज उतरत नाही. उपचारांत काहीही चुकलेलं नाही. ते काल सकाळी अकराला हवे होते.