लेकरांची सूट: कर भरणाऱ्यांना आणि न भरणाऱ्यांना

मार्च जवळ आला की दुसरबीडच्या नोकरदार घरांत कपाटं उघडतात. शाळेच्या फीच्या पावत्या, विम्याचे हप्ते, पीएफचा आकडा, सगळं एका पिशवीत गोळा होतं. शेजारच्या घरी सोयाबीन-कापसावर जगणारं कुटुंब असतं. लेकरं त्यांनाही दोनच, तीही शाळेत जातात. पण तिथे कोणी पावत्या शोधत नाही. हा फरक कुठून आला?

फेब्रुवारी 1955. बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. अर्थमंत्री होते रायगडचे सी. डी. देशमुख, ज्यांनी आयसीएस अधिकारी म्हणून मध्य प्रांत-वऱ्हाडात काम केलं होतं. त्यांनी त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात विवाहित आणि अविवाहित यांच्यासाठी वेगळा कर आणला. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा सर्वांना 1,500 रुपये होती. ती विवाहितांसाठी 2,000 झाली, अविवाहितांसाठी 1,000 वर आली. ज्याच्यावर घर अवलंबून आहे त्याची कमाई वेगळ्या मापाने मोजावी, हा विचार त्यामागे होता.

1958 च्या सुमारास त्यात मुलंही आली. मूल नसलेल्या विवाहिताला 3,000 रुपयांपर्यंत कर नाही, एक मूल असल्यास 3,300, दोन असल्यास 3,600. तिसऱ्या मुलाला सूट नव्हती. कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम 1952 पासूनच सुरू होता, हे इथे आठवावं. पुढे ही पद्धत बंद झाली, पण 'दोन मुलं' ही अट टिकली. कलम 80 सी खाली शाळेच्या शिकवणी शुल्काची वजावट मिळाली, तीही दोनच मुलांसाठी आणि विमा-पीएफ धरून दीड लाखाच्या आत. 2020 मध्ये आलेल्या नव्या करप्रणालीत तर ही वजावटच नाही.

आता साधा हिशेब करू. वर्षाची फी 20,000 रुपये. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या बापाचे 4,000 वाचतात. ज्याला आयकरच लागत नाही त्याचे शून्य. शेतीचं उत्पन्न 1886 पासून आयकराबाहेर आहे आणि मजुराची कमाई मर्यादेखाली आहे. म्हणजे शाळा तीच, फी तीच, पण ज्याची गरज जास्त त्याच्या हाती काहीच नाही.

हा पेच इतरांनाही पडला. ब्रिटनमध्ये लॉइड जॉर्ज यांनी 1909 च्या अर्थसंकल्पात मुलांमागे करसूट दिली. तिचा लाभ कर भरणाऱ्यांनाच होता. म्हणून 1945 च्या कायद्याने दुसऱ्या मुलापासून दर आठवड्याला रोख भत्ता सुरू झाला, तोही आईच्या हाती. अमेरिकेत 1997 च्या कायद्याने मुलांमागे 'टॅक्स क्रेडिट' आलं. क्रेडिट उत्पन्नातून नव्हे, थेट करातून वजा होतं. 2021 मध्ये ते एका वर्षापुरतं कर न भरणाऱ्या पालकांनाही पूर्ण मिळालं. त्या वर्षी बालदारिद्र्य झपाट्याने घटलं. सवलत संपताच पुन्हा वाढलं.

हा धडा आपल्याला परका नाही. हजरत उमर यांच्याविषयी सांगतात की बैतुलमालातून दूध सुटलेल्या मुलांनाच वेतन मिळत असे. एका रात्री रडणाऱ्या बाळाच्या आईने सांगितलं, वेतनासाठी मी त्याचं दूध लवकर तोडतेय. उमर हादरले आणि मूल जन्मताच वेतन सुरू करण्याचा हुकूम त्यांनी काढला. नियम चुकला की त्याची किंमत लेकरू मोजतं, हे त्यांना त्या रडण्यातून कळलं.

आपल्याकडे 2023 ची 'लेक लाडकी' योजना पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीला टप्प्याटप्प्याने 1,01,000 रुपये देते. दुसरीकडे 2022 मध्ये अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची केंद्रीय शिष्यवृत्ती थांबली. प्राथमिक वर्गांत ती वर्षाला हजार रुपयांची होती. रक्कम लहान, पण करसूट ज्या घरापर्यंत कधीच पोचत नाही तिथे ती पोचत होती.

म्हणून यंदा पावत्या गोळा करताना शेजारच्या घरालाही विचारा: लेकीचा अर्ज अंगणवाडीत दिलात का? वजावट आपला हक्क आहेच. पण लेकराचं मोल बापाच्या करावरून ठरू नये, ही मागणीही आपलीच असली पाहिजे.