ऑफ-रोडिंगसाठी टायर आणि रिम बदलताय? मोठं म्हणजे चांगलंच, असं नसतं

थार किंवा जिम्नी घरी आली की महिनाभरात अनेकांना वाटायला लागतं, कंपनीचे टायर जरा बारीकच आहेत. मग ॲक्सेसरीजच्या दुकानात फेरी होते. समोर मोठे काळे अलॉय, जाडजूड टायर आणि 'सर, एकदम रफ लुक येईल' म्हणणारा दुकानदार. पाच टायर, पाच रिम धरले तर बिल सहज लाखाच्या घरात जातं. पण हे पैसे नेमके कशासाठी मोजायचे?

आधी टायरवरचा आकडा वाचा

जिम्नीच्या टायरवर १९५/८० आर१५ असं लिहिलेलं असतं. १९५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणून १५६ मिमी. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. (आर म्हणजे रेडियस नव्हे, रेडियल. हा घोळ भल्याभल्यांचा होतो.) रिम अधिक दोन्ही बाजूंच्या भिंती धरल्या की टायरची एकूण उंची साधारण ६९३ मिमी येते.

आता याच गाडीला कुणी १७ इंची रिमवर २१५/६० आर१७ टायर बसवले तर? एकूण उंची येते ६९० मिमी. म्हणजे गाडी वर उचलली गेलीच नाही. उलट १५६ मिमीची भिंत १२९ मिमीवर आली. ऑफ-रोडिंगमध्ये दगडाचा मार झेलणारा भाग हाच. चिखलात किंवा वाळूत हवा कमी करून टायर पसरवायचा असतो, तेव्हा कामाला येते तीही भिंतच. रिम मोठं दिसतं, पण दगडावर आपटतंही तेच.

थारमध्ये तर ही गंमत कंपनीच्याच यादीत दिसते. २०२० साली आलेल्या थारच्या महागड्या व्हेरिएंटला २५५/६५ आर१८ टायर आहेत आणि स्वस्त व्हेरिएंटला २४५/७५ आर१६. भिंत मोजली तर पहिल्याची १६६ मिमी आणि दुसऱ्याची १८४ मिमी. खडकाळ वाटेसाठी मी स्वस्तवालाच सेट निवडेन.

उंची किती वाढवायची?

जिम्नीला २१५/७५ आर१५ घातले तर उंची १० मिमीने वाढते. ग्राउंड क्लिअरन्स मात्र त्याच्या निम्मा, म्हणजे ५ मिमीच वाढतो. २३५/७५ आर१५ घेतले तर उंची ४० मिमी वाढते, क्लिअरन्स २० मिमी. ऐकायला छान वाटतं. पण उंची जवळपास ६ टक्क्यांनी वाढल्यामुळे स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा तेवढं कमी दाखवणार. शिवाय दीड लिटरच्या इंजिनाला आणि ब्रेकला जास्त जड, जास्त उंच चाक फिरवावं आणि थांबवावं लागणार. मायलेज कमी होतं, चढावर गाडी मरगळते, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतून घासू शकतो. मूळ रिमही एवढ्या रुंद टायरसाठी अरुंद पडतं.

एटी की एमटी?

एचटी टायर डांबरी रस्त्यासाठी, एमटी चिखलासाठी आणि एटी दोन्हीच्या मधले. एमटीच्या ठोकळेदार नक्षीतून चिखल बाहेर फेकला जातो, त्यामुळे काळ्या मातीच्या शेतवाटेवर तो खरंच उपयोगी. पण डांबरावर त्याचं रबर कमी टेकतं. भर पावसात कुटुंबाला घेऊन ताम्हिणी घाट उतरताना अचानक ब्रेक दाबावा लागला, तर हा फरक जाणवतो. आवाज होतो तो वेगळाच. पुण्या-मुंबईत रोज ऑफिसला जाणाऱ्या आणि वर्षातून चार-पाच वेळा ट्रेलवर जाणाऱ्या गाडीला एटी पुरे.

विकत घेताना लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. आयएसआयचा ठसा आणि बनावटीची तारीख बघा. चार आकड्यांत २३२५ लिहिलं असेल, तर तो टायर २०२५ च्या २३व्या आठवड्यातला.

रिम बदलायचंच असेल तर

पाच नटांचं रिम दिसलं म्हणून ते बसेलच असं नाही. जिम्नीच्या नटांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, १३९.७ मिमी आहे. अनेक कार-एसयूव्हींचा तो ११४.३ मिमी असतो. मधलं भोकही हबवर नेमकं बसायला हवं. मग ऑफसेट. तो कमी केला की चाक बाहेर येतं, गाडी रुंद दिसते, पण बेअरिंगवर ताण वाढतो आणि चिखल थेट दारांवर उडतो. स्पेसर लावून हाच लुक आणण्याच्या भानगडीत पडू नका.

लोखंडी रिम दिसायला साधं असतं. पण दगडावर आपटलं तर बहुतेक वेळा वाकतं आणि गावातला पंक्चरवालाही ठोकून त्याला घरी पोहोचण्यापुरतं सरळ करतो. अलॉय तडकलं तर तिथेच थांबायचं.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल मालकाला करता येत नाहीत. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. त्यामुळे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला कंपनीने दिलेला साइज घेणं सर्वांत सुरक्षित. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर क्लेमवरून वाद होऊ शकतो.

पाचवा टायर विसरू नका

पैसे वाचवायला चारच टायर बदलणारे बरेच असतात. पण जिम्नी किंवा थार फोर बाय फोरमध्ये असताना पुढची-मागची चाकं एकाच गतीने फिरतात. त्यात एक टायर वेगळ्या उंचीचा आला तर ताण गिअरच्या यंत्रणेवर येतो. म्हणून स्टेपनीही त्याच मापाची हवी. ती मागच्या दारावर टांगलेली असते, तेव्हा जड रिम-टायरचा भार बिजागऱ्यांना झेपेल का, तेही विचारा. नवे रिम बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्या. आणि जुना सेट लगेच विकू नका.