आंतरराष्ट्रीय व्यवसाय व मानवी वर्तन (पदव्युत्तर अभ्यास)

व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणातील एक अभ्यासक्षेत्र. निरनिराळ्या देशांची माणसे एका कामावर आली की सौदा, हुकूम, नकार आणि विश्वास यांबाबत कशी वागतात, हा त्याचा विषय. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील विद्यार्थी तो बहुधा एमबीएतून शिकतो. येथील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या (स्थापना १९४९) कक्षेत येतात. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा. प्रवेश राज्याच्या सीईटीतून. ‘संघटनात्मक वर्तन’ हा पायाभूत विषय पहिल्या वर्षीच असतो.

विषयाची सुरुवात सहसा अमेरिकेतील होथॉर्न कारखान्यातील प्रयोगांपासून (१९२४–३२) केली जाते. पुढे मॅस्लो यांची गरजांची उतरंड (१९४३) आणि मॅकग्रेगर यांचे ‘क्ष’ व ‘य’ सिद्धांत (१९६०) येतात. आंतरराष्ट्रीय अंग मुख्यतः हॉफस्टेड यांच्या १९८० च्या ग्रंथाने दिले. आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवर तो उभा आहे. त्यांच्या मोजपट्टीत सत्ता-अंतराचा, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांतील अंतर मान्य करण्याचा, भारताचा अंक ७७ आणि जपानचा ५४ आहे. एकाच कंपनीतल्या नोकरदारांवरून अख्ख्या देशाचा स्वभाव ठरवणे धाडसाचेच. तरी हे आकडे पाठ्यपुस्तकांतून हटलेले नाहीत.

जपानचा संदर्भ येथे परका नाही. पारनेर तालुक्यातील सुपे औद्योगिक वसाहतीत जपानी उद्योगांसाठी स्वतंत्र विभाग आखलेला आहे. बैठकीपूर्वी एकेकाला भेटून संमती जुळवण्याच्या जपानी रीतीला ‘नेमावाशी’ म्हणतात. सहकारी संस्थेची निवडणूक जवळून पाहिलेल्याला ती शिकवावी लागू नये.

पाठ्यपुस्तक अपुरे पडते ते ऊसतोडीपाशी. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० मध्ये सुरू झाले. आज जिल्ह्यातील कारखान्यांचा ऊस तोडणाऱ्या टोळ्या बीड जिल्ह्यातून तसेच पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून येतात. टोळी जमवणारा मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती लग्नात, दवाखान्यात किंवा जुने देणे फेडण्यात खर्चून गेली की मग कोयता हातात येतो. मजुरी टनावर ठरते आणि उचलीतून वळती होते. ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हिशेबात बाईची मजुरी वेगळी दिसतच नाही. प्रेरणेचे बहुतेक सिद्धांत मात्र सुटा माणूस आणि कामानंतर मिळणारा मोबदला गृहीत धरतात. उचलीला त्यांच्यात जागा सापडत नाही.

पहिल्या वर्षानंतर विद्यार्थी सुमारे दोन महिने एखाद्या उद्योगात प्रकल्प करतो. हा प्रकल्प साधारणपणे उन्हाळ्यात येतो. तोवर गाळप आटोपलेले असते आणि टोळ्या गावी परतलेल्या असतात.