चेटकीण हे नाव कोण देतं?

आम्ही पाचूबंदरच्या बचत गटांच्या बायका. आज एका शब्दाचा इतिहास सांगणार आहोत. शब्द आहे चेटकीण. दिवेलागणीच्या वेळेला हा विषय कशाला काढला, असं एखादी सासूबाई म्हणेलच. पण कारण घडलं म्हणून काढला. आमच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरींनी मोबाईलवर पाहिलं, की इंग्लंड-अमेरिकेत काही बायका स्वतःला अभिमानाने चेटकीण म्हणवून घेतात आणि 'विक्का' नावाचा त्यांचा धर्म आहे. खरं का हे, असं त्यांनी बैठकीत विचारलं. आणि त्याच बैठकीत, मनोरकडच्या बाजारात सुकी मासळी विकून आलेल्या एक मावशी सांगत होत्या, की तिकडच्या एका पाड्यावरच्या म्हातारीच्या हातचं कुणी पाणीही घेत नाही, कारण भगताने तिला भुताळी ठरवलंय. तिकडे बाई ते नाव आपणहून घेते, इकडे त्याच नावाने बाईचं पाणी तुटतं. असं कसं झालं, ते शोधायला आम्ही वाचायला बसलो.

आधी युरोपचं बघू. तिथेही सुरुवातीला हे नाव कुणी आपणहून घेतलेलं नव्हतं. साधारण १४५० ते १७५० या तीनशे वर्षांत युरोपात चेटकीण ठरवून चाळीस ते पन्नास हजार माणसं मारली गेली. त्यातल्या शंभरातल्या पंचाहत्तर तरी बाया होत्या. आरोप काय असायचे? गाय आटली, मूल दगावलं, गारा पडून पीक गेलं. आणि बोट कुणाकडे जायचं? बहुतेक वेळा एकटी राहणारी, म्हातारी, दारोदार काही मागणारी, तोंडाने फटकळ अशी शेजारीण. छळ करून तिच्याकडून कबुली घ्यायची, मग तिलाच विचारायचं, तुझ्याबरोबर अजून कोण होतं? छळाखाली माणूस कुणाचंही नाव घेतो. एकीच्या कबुलीतून दहा जणी निघायच्या.

इंग्लंडने १७३५ साली कायदा बदलला. तेव्हा आपल्या वसईच्या किल्ल्यावर अजून पोर्तुगीजांचं निशाण होतं. चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला तो पुढे चार वर्षांनी. नवा कायदा असं म्हणत होता, की चेटूक करण्याचा खटला यापुढे कुणावर चालणार नाही. उलट, माझ्या अंगात जादूची शक्ती आहे असं सांगून जो लोकांना फसवेल त्याला एक वर्ष कैद. म्हणजे सरकारने चेटूक आहे हेच मानायचं सोडलं. मोठी गोष्ट होती. पण कागदावरची.

कारण सोळा वर्षांनी, १७५१ साली, ट्रिंग नावाच्या गावात काय झालं ते ऐका. रूथ ऑसबोर्न नावाची सत्तरीची गरीब म्हातारी. काही वर्षांपूर्वी ती एका गवळ्याकडे ताक मागायला गेली होती. त्याने दिलं नाही, ती पुटपुटत निघून गेली. पुढे त्याची वासरं आजारी पडली, तोही आजारी पडला, आणि म्हातारीचं ते पुटपुटणं लोकांना आठवलं. आजूबाजूच्या बाजारगावांत चक्क दवंडी पिटली गेली, की अमुक दिवशी चेटकिणीला पाण्यात टाकणार आहेत. हजारो लोक जमले. तिला आणि तिच्या नवऱ्याला चादरीत गुंडाळून तळ्यात बुडवलं. ती मेली. टॉमस कॉली नावाचा माणूस त्यात पुढे होता; तमाशा दाखवला म्हणून त्याने बघ्यांकडून पैसेही गोळा केले. त्याला फाशी झाली. ताकाचा एक पेला, आणि दोन जीव गेले. आम्हाला हा प्रसंग वाचताना इंग्लंड काही लांब वाटलं नाही.

तो १७३५चा कायदा १९५१ साली रद्द झाला, आणि तिथून विक्काची गोष्ट उघड्यावर येते. जेराल्ड गार्डनर नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते, जन्म १८८४चा. तरुणपणी सिलोनच्या चहामळ्यात, नंतर मलायात रबराच्या मळ्यांवर आणि पुढे जकात खात्यात नोकरी. मलायातल्या लोकांचे विधी, त्यांचे जादूचे समजले जाणारे खंजीर यांचा त्यांना नाद. त्या खंजिरांवर त्यांनी पुस्तकही लिहिलं. निवृत्त होऊन मायदेशी गेल्यावर त्यांनी सांगितलं, की इंग्लंडमधल्या एका जंगलपट्टीत जुन्या चेटकिणींचा गुप्त गट अजून टिकून आहे आणि १९३९ साली त्या गटाने मला दीक्षा दिली. १९५४ साली त्यांचं त्यावरचं पुस्तक निघालं.

त्यांच्याआधी मार्गारेट मरे नावाच्या विदुषींनी, ज्यांचा जन्म आपल्या कलकत्त्याचा, १९२१ साली असं मांडलं होतं, की युरोपात मारल्या गेलेल्या चेटकिणी म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या जुन्या धर्माच्या पुजारणी होत्या. गार्डनरांनी तो धागा उचलला. इतिहासाच्या अभ्यासकांनी पुढे जुने खटले तपासले आणि मरेबाईंचं म्हणणं टिकलं नाही. मारल्या गेलेल्या बाया कुठल्या गुप्त धर्माच्या नव्हत्याच. त्या साध्यासुध्या ख्रिस्ती शेजारणी होत्या, रविवारी चर्चला जाणाऱ्या. तेव्हा विक्का हा धर्म जुना म्हणून सांगितला जात असला तरी तो आहे आपल्या आजीच्या वयाचा. नवा म्हणजे खोटा, असं मात्र आम्ही म्हणत नाही. सगळेच धर्म कधीतरी नवे होते.

आता त्यात करतात काय? मुलींना याचीच उत्सुकता होती. एक देवी आणि एक देव मानतात. देव शिंगांचा, रानाचा. देवीची तीन रूपं: कुमारी, आई आणि म्हातारी. वर्षाचे आठ सण: दोन दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाचे, दोन सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसाचे, आणि त्यांच्या मधले चार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री मेलेल्यांची आठवण काढतात. आपल्या सर्वपित्रीसारखंच म्हणा. पौर्णिमेला जमतात. जमिनीवर रिंगण आखायचं, चार दिशांना माती, वारा, अग्नी, पाणी यांना बोलवायचं, मेणबत्त्या, झाडपाला, भाकरी आणि पेयाचा प्रसाद. गट लहान असतो, फार तर दहा-बारा जणांचा. सगळ्यांचा मिळून एकच ग्रंथ नाही. ज्याची त्याची वही, हाताने उतरवून घेतलेली. सैतानाला ते मानतच नाहीत, त्यामुळे सैतानाची पूजा वगैरे जे सिनेमात दाखवतात ते त्यांचं नव्हे. मुख्य नियम एकच, कुणाला इजा न करता हवं ते कर. आणि जे दुसऱ्यावर सोडशील ते तिप्पट होऊन तुझ्याकडे येईल, असंही बरेच जण मानतात. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१च्या जनगणनेत सुमारे १३ हजार लोकांनी आपला धर्म विक्का लिहिला.

मंत्र म्हणून इच्छा पुरी होते यावर आमचा विश्वास नाही. पण म्हातारीला देवीचं रूप मानणं आम्हाला आवडलं. आपल्याकडे ती अमंगळ, दारात उभी राहिली तरी पोराला आत घेतात.

या धर्मात पूजा चालवते ती मुख्यतः बाई. गार्डनरांच्या गटात डोरीन व्हॅलिएंट नावाची बाई १९५३ साली आली. तिचा हात लिहिता. आज विक्कात म्हटली जाणारी कितीतरी प्रार्थना तिनेच घडवलेली. गटाची मुख्य पुजारीण झाली. मग १९५७ साली गार्डनरांनी अचानक जुने नियम म्हणून एक यादी पुढे केली. त्यात एक नियम असा, की मुख्य पुजारणीने वय झालं की तरुण बाईसाठी आनंदाने जागा सोडावी. पुरुषाच्या वयाचं काही नाही! डोरीनबाईंनी विचारलं, हे जुने नियम इतके दिवस कुठे होते? आणि त्या गटातून बाहेर पडल्या. हा भाग बैठकीत वाचला तेव्हा सगळ्या हसल्या. खुर्चीवर बाई आणि सही नवऱ्याची, हे आपल्याला ग्रामपंचायतीत पाहून ठाऊक आहे.

आता आपल्या मुलखाकडे. वसईवर १५३४ पासून पोर्तुगीजांचं राज्य होतं. त्यांच्या गोव्यातल्या धर्मन्यायालयाने १७३६ साली हुकूम काढला आणि ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना लग्नात हळद लावायला, ओव्या गायला, दारात तुळस लावायला बंदी केली. बायकांची गाणी आणि हळदीची वाटी, याचीही सत्तेला भीती वाटते! वसई-मुंबईकडच्या ख्रिस्ती घरांत आजही हळद लागते आणि उंबराचं पाणी भरलं जातं, हे तुम्हाला माहीतच आहे. आणि पेशवाईत सगळं सुधारलं असंही नाही. तिथल्या दप्तरांत कोकणातल्या 'भुतं घातल्या'च्या तक्रारी आहेत, आणि सरकार त्याबद्दल शिक्षा करत होतं. राज्य बदललं, पण भीती तीच राहिली.

आपल्या जिल्ह्याच्या डोंगरपट्टीत वारली समाजात लग्न लावते ती धवलेरी. बाई असते. ती गात नाही तोवर लग्न लागत नाही. सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते. धान्याची देवी कणसरी. इंग्लंडमध्ये लोकांनी पुस्तकं वाचून जे उभं केलं, ती बाईच्या हातची पूजा आपल्याकडे पाड्यापाड्यावर आहे. आणि त्याच पाड्यावर ताप उतरला नाही, पोर सुकत चाललं, की भगत तांदळाचे दाणे मांडून बघतो आणि भुताळी कोण ते सांगतो. नंदुरबारकडे सातपुड्यात तिला डाकीण म्हणतात. गंमत बघा, भगताला मंत्र येतात ती त्याची विद्या, आणि बाईला न येणारे मंत्रही तिचा गुन्हा. पुरुषांनाही भुताळ्या ठरवतात, नाही असं नाही. पण विधवा, निपुत्रिक, नावावर तुकडाभर जमीन असलेली बाई लवकर सापडते. तिच्यामागे भांडायला कुणी नसतं, आणि ती गाव सोडून गेली की जमीन मोकळी.

आपण कोळी म्हणजे यातून सुटलो असं कुणी समजू नका. सकाळची भवानी अमकीच्या हातची नको, हे बाजारात चालतं. बोटीला मासळी लागली नाही की कुणीतरी केलंय, अशी कुजबुज सुरू होते, आणि ती कुजबुज कुठल्या घरापाशी थांबते तेही आपल्याला माहीत आहे. पर्ससीनच्या जाळ्यांनी आणि समुद्रात एलईडीचे दिवे सोडून मासळी ओरबाडली जाते, दिव्यांच्या त्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली तरी ती चोरून चालते, हे आपणच मोर्चात ओरडून सांगतो. मग घरी आल्यावर शेजारणीची नजर कुठून येते?

नाव देणाऱ्यांसमोर उभ्या राहिलेल्या बायाही आहेत. झारखंडच्या छुटनी देवींना १९९५ साली गावाने डायन ठरवून छळलं, घर सोडायला लावलं. त्यांनी पुढे आपल्यासारख्याच ठरवल्या गेलेल्या बायकांना आसरा द्यायला, सोडवायला सुरुवात केली. आसामच्या बिरुबाला राभा गावोगाव फिरून बैठकांत याविरुद्ध बोलल्या. दोघींना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्तींनी उलटा रस्ता धरला. शिकलेल्या, चांगल्या घरच्या बाईंनी जाहीर सांगितलं, की मी विक्का मानते, मी चेटकीण आहे. आणि गावागावांत डायन ठरवलेल्या बायकांची बाजू त्या मांडत राहिल्या. त्यांना ते नाव पेललं, कारण पाठीशी घर, शिक्षण आणि इंग्रजी होतं. पाड्यावरच्या म्हातारीने तसं म्हणून बघावं!

आपल्याकडचा कायदा २०१३चा. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉक्टरांचा खून झाला, त्यानंतर चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. आपण त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. त्याच्या अनुसूचीत बारा कलमं आहेत. एकात लिहिलंय, की अमुक माणूस करणी करतो, भूत लावतो, मंत्राने जनावराचं दूध आटवतो असं जाहीर करणं गुन्हा. ट्रिंगच्या गवळ्याची वासरं आठवली ना? करणी-चेटूक केल्याच्या नावाखाली मारहाण करणं, नागवं करून धिंड काढणं हाही गुन्हा. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडे करणं हाही. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत, आणि गुन्हा अजामीनपात्र. वारी, कीर्तन, यात्रा, घरातली पूजा, कुणाला शारीरिक इजा न होणारे विधी यांना तो हात लावत नाही. त्यामुळे पोरींनी पौर्णिमेला रिंगण करून मेणबत्त्या लावल्या तर पोलीस येणार नाहीत. पैसे घेऊन कुणाचा आजार मंत्राने बरा करते म्हणाल्या तर येतील.

तक्रार कुठे करायची, हे आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त विचारलं गेलं. या कायद्यासाठी दक्षता अधिकारी नेमलेले असतात, पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचे. आपल्या पोलीस ठाण्यात जाऊन ते कोण आहेत हे विचारायचं आणि त्यांचं नाव गटाच्या ठरावाच्या वहीत लिहून ठेवायचं. मारहाण सुरू असेल तर आधी ११२ लावायचा. तक्रार त्या बाईनेच करायला हवी असं नाही, गटानेही करता येते. लेखी द्या, सही-शिक्क्याची पोच घ्या. आणि भगताचं नाव लिहायला घाबरू नका, जमिनीवर डोळा असलेल्या दिराचंही.