मानणे, पाळणे आणि प्रकट करणे : एका क्रियापदाची हकिकत



वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत धम्मावर, बाबासाहेबांच्या कार्यावर अनेकजण लिहितात. आम्ही मात्र एका शब्दावर लिहायचे ठरविले. शब्द आहे कायद्यातला, पण त्याने आपल्या समाजाला तब्बल चौतीस वर्षे कोंडीत धरले होते.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 25 मध्ये धर्माबाबत तीन क्रियापदे येतात. मराठी संविधानात ती प्रकट करणे, आचरणे आणि प्रसार करणे अशी दिलेली आहेत. यातले पहिले इंग्रजीत 'प्रोफेस' असे आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ चारचौघांत उघडपणे कबूल करणे. कॉलेजातला प्रोफेसर हा शब्दही त्याच मुळाचा. आपली विद्या जो उघडपणे मांडतो तो प्रोफेसर! आपल्या बोलीत मात्र याला एकच नेमका शब्द सापडत नाही. "आम्ही बुद्धाला मानतो" म्हटले तर ती मनातली गोष्ट झाली. "पंचशील पाळतो" म्हटले तर वागण्याची झाली. अन् शाळेच्या दाखल्यावर "बौद्ध लावलं" म्हटले की ती जाहीर करण्याची झाली. प्रोफेस म्हणजे ही तिसरी गोष्ट.

आता हा शब्द आडवा कुठे आला ते पाहू. 1950 साली राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. त्यात अट होती की हिंदूपेक्षा वेगळा धर्म जो 'प्रोफेस' करील तो अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. 1956 साली त्यात शीख धर्माची भर पडली. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. (आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, द्विभाषिक मुंबई राज्यात तो आला त्यानंतर अठरा दिवसांनी, 1 नोव्हेंबरला.) बावीस प्रतिज्ञा नुसत्या ऐकायच्या नव्हत्या, सर्वांनी तोंडाने म्हणायच्या होत्या. त्रिशरणही आपण मनातल्या मनात म्हणत नाही. तीन तीन वेळा, मोठ्याने, सर्वांसोबत म्हणतो. प्रोफेस करण्याचा याहून चांगला दाखला कोणता?

परंतु नेमके हेच कोर्टात अंगावर आले. 1962 च्या विधानसभा निवडणुकीत नागपूरच्या राखीव जागेवर डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, सबब राखीव जागा लढविण्यास ते पात्र नाहीत, असा अर्ज पंजाबराव यांनी केला. न्यायाधिकरणाने तो मानला, हायकोर्टाने फिरविला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे प्रश्न उरला तो एवढाच : प्रोफेस करणे म्हणजे काय?

न्यायालयाने शब्दकोश पाहिला आणि अर्थ लावला तो असा. ज्यांचा संबंध येतो त्यांना कळेल अशा रीतीने आपली श्रद्धा जाहीर करणे म्हणजे प्रोफेस करणे. जुना धर्म सोडला व नवा घेतला असे एखाद्याने जाहीरपणे सांगितले, तर तो नवा धर्म प्रकट करतो असेच धरावे लागेल. अनुच्छेद 25 च्या स्पष्टीकरणात 'हिंदू' शब्दात बौद्धही येतात, हा आधारही टिकला नाही. ते स्पष्टीकरण देवळे सर्वांना खुली करण्यापुरते आहे, असे न्यायालय म्हणाले. मेश्रामांची निवडणूक रद्द झाली. 1965 च्या निवाड्यांत हा निकाल छापलेला आहे.

आमच्या मते शब्दाचा अर्थ न्यायालयाने बरोबरच लावला. दोष होता तो आदेशात. धर्म बदलल्याने गावातली वागणूक बदलत नव्हती. पाणवठा तोच, वस्ती तीच, मग सवलत तेवढी कशी जावी? महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1960 साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती चालू ठेवल्या हे खरे. पण केंद्राच्या नोकऱ्या आणि विधानसभा-लोकसभेच्या राखीव जागा बंदच राहिल्या. म्हणून घरात बुद्धमूर्ती आणि कागदावर 'हिंदू महार' अशी दुहेरी नोंद कित्येक कुटुंबांनी ठेवली. त्यांना आज नावे ठेवणे सोपे आहे. आम्ही ठेवणार नाही. लेकरांच्या शिक्षणाचा, पोटापाण्याचा सवाल होता.

आणि तरीसुद्धा आकडे बघा. 1951 च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध होते जेमतेम अडीच हजार. 1961 ला झाले 27 लाख 89 हजार. म्हणजे एवढ्या लोकांनी दारात आलेल्या गणकाला, नुकसान होईल हे माहीत असूनही, "धर्म बौद्ध" असे सांगितले. खेड्यापाड्यातली अक्षरशत्रू माणसंसुद्धा यात होती. क्रियापदाचा अर्थ त्यांना कोर्टाच्याही आधी कळला होता.

शेवटी 1990 साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या तोंडावर, व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात आदेशात दुरुस्ती होऊन हिंदू, शीख यांच्या जोडीला 'बौद्ध' हा शब्द आला. तेव्हापासून धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. काही घरांत अजूनही ही धास्ती आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. 2021 ची राहिलेली जनगणना आता 2027 साली होणार असे जाहीर झाले आहे, त्यात जातही विचारली जाणार आहे. धर्म आणि जात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गणक दारात येईल तेव्हा धर्माच्या प्रश्नाला "बौद्ध" असे स्पष्ट सांगावे, आणि त्याने काय लिहून घेतले ते एकदा विचारून घ्यावे.