तीन दांड्यांची गाडी

कऱ्हाडला पाऊस पडतो असे आम्ही कऱ्हाडकर मोठ्या तोंडाने सांगतो, पण तो खरा पाऊस नव्हे. वर्षाकाठी सहाशे-सातशे मिलिमीटर म्हणजे पावसाने जाता जाता दारात उभे राहून 'बरं आहे ना?' एवढे विचारल्यासारखे. तिथून पाटणमार्गे साठेक किलोमीटर पश्चिमेला गेले की कोयनानगर लागते. तिथे हाच पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या आसपास मुक्काम ठोकतो. पुढे कुंभार्ली घाट, घाटाखाली पोफळी, आणि तिथून चिपळूणच्या बाजूला आमचे गाव. नोकरी कऱ्हाडला बँकेत आणि आई घाटाखाली, त्यामुळे माझ्या आयुष्याला दोन हवामाने होती. एकाला स्कूटर पुरत होती. दुसऱ्याला काय पुरेल, हा प्रश्न १९८६ साली आमच्या घरात उभा राहिला आणि तो सुटेपर्यंत घरात दुसरा विषय निघाला नाही.

आईला कऱ्हाडला आणावे हा सोपा उपाय वाचकांना सुचला असेल. तो आम्हालाही सुचला होता. पण ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात भिंतीला तडा गेला तरी जिने घर सोडले नाही, ती मुलाला मोटार घ्यायची आहे म्हणून सोडील होय? "तुला यायचं तेव्हा ये, मला न्यायला येऊ नको," असे तिचे स्पष्ट म्हणणे होते.

पैसे होते ते सेकंडहॅण्ड गाडीपुरते. सौ.ची पसंती फियाटला. मेव्हण्याची पसंती जोंगाला. माझी पसंती जीपला.

जोंगा हे काही मेव्हण्याने ठेवलेले लाडके नाव नव्हते. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात १९६९ पासून जपानच्या निस्सान कंपनीच्या परवान्यावर ही गाडी बनत असे, आणि जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या भारदस्त नावाची इंग्रजी आद्याक्षरे जुळवली की 'जोंगा' होते. लष्करात म्हातारी झाली की ती लिलावात निघे. इंजिन जवळजवळ चार लिटरचे, सहा सिलिंडरांचे. मेव्हणा म्हणाला, "दाजी, रणगाडा आहे रणगाडा." मी आमच्या मिस्त्रीला विचारले. तो म्हणाला, "साहेब, गाडी झकास. फक्त पेट्रोलपंपाच्या मालकाची मुलगी करायला हवी होती." हे सौ.ने ऐकले आणि जोंगा बाद झाली.

जीपवर माझा जीव का होता, ते सांगायचे तर थोडे मागे, पार अमेरिकेत जावे लागेल. १९४० च्या जुलैत अमेरिकन लष्कराने १३५ कारखानदारांना पत्रे धाडली: आम्हाला चारही चाकांनी ओढणारी हलकी गाडी हवी, वजन १३०० पौंड, म्हणजे सुमारे ५९० किलो, आणि नमुना ४९ दिवसांत. १३५ पैकी बहुतेकांनी ते पत्र वाचून टोपलीत टाकले असावे. बँटम नावाची एक छोटी, जवळजवळ दिवाळे वाजलेली कंपनी तेवढी अंगावर घ्यायला निघाली. दिवाळे वाजत आले की माणूस धाडसी होतो, हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको. कार्ल प्रोब्स्ट या इंजिनिअरने काही दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० ला गाडी लष्कराच्या तळावर पोहोचली. मुदत संपायला अर्धा तास उरला होता. वजन अर्थातच तेराशे पौंडांच्या कितीतरी पुढे गेले होते. १३०० हा आकडा ज्याने लिहिला त्याने आयुष्यात कधी पान्हा उचलला नसणार.

पुढे काय झाले? लष्कराने बँटमचे नकाशे विलीज आणि फोर्ड या थोरल्या मंडळींना दाखवले. विलीजचे इंजिन साठ अश्वशक्तीचे, सगळ्यांत दणकट, पण वजन जास्त. तेव्हा त्यांनी म्हणे बोल्टांची जादा टोके कापली, रंगाचा एकच हात दिला आणि वजनात बसवले. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या काढल्या. बँटमच्या वाट्याला पावणेतीन हजारांच्या आत-बाहेर गाड्या आल्या, आणि नंतर जीपमागे जोडायच्या ट्रेलरांचे कंत्राट. लग्न जमवून देणाऱ्याला मांडवात मागच्या रांगेत बसवतात तसे.

'जीप' हे नाव कुठून आले यावर अजून भांडण आहे. कोणी म्हणतात फोर्डच्या 'जीपी' या खुणेवरून, कोणी म्हणतात पॉपायच्या चित्रकथेत १९३६ साली आलेल्या 'जीप' नावाच्या विचित्र प्राण्यावरून. तो प्राणी वाटेल तिथून आरपार जात असे. कुंभार्लीत पावसाळा काढलेल्या माणसाचे मत दुसऱ्या पक्षाला.

युद्ध संपले आणि लढाईची गाडी शेतात आली. ब्रिटनमध्ये रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर अशीच एक जुनी लष्करी जीप होती. ती मोडली तर दुसरी कोणती घ्यायची, या विवंचनेतून त्यांनी लँड रोव्हर काढली आणि एप्रिल १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात मांडली. पोलादाचा तुटवडा, म्हणून अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. मला हा इतिहास फार आवडतो. आपली गाडी मोडली तर काय, या विवंचनेतून आपल्या हातून फक्त उसनवारी होते.

आपल्याकडे जीप आली ती मुंबईत माझगावला. २ ऑक्टोबर १९४५ रोजी 'महिंद्र अँड महंमद' ही पोलादाच्या व्यापाराची कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ साली पाटीवर दुसऱ्यांदा 'महिंद्र' लिहावे लागले. १९४७ मध्ये विलीजच्या ७५ गाड्या सुट्या भागांत आल्या आणि मग माझगावला जीप जोडायला सुरुवात झाली. त्याच सुमारास काश्मीरच्या लढाईसाठी लंडनहून जुन्या जीपगाड्या मागवण्याचे ८० लाखांचे प्रकरण गाजले. स्वतंत्र भारतातल्या पहिल्या घोटाळ्याला नाव मिळाले तेही जीपचेच.

पण खेड्यातल्या माणसाला जीप कळली ती २ ऑक्टोबर १९५२ ला समूह विकास योजना सुरू झाल्यावर. गटविकास अधिकारी आणि जीप ही जोडी शंकर-नंदीसारखी अतूट झाली. लहानपणी आमच्या गावात जीपचा आवाज आला की मोठी माणसे खोकून सावध होत, कारण जीपमधून कधी लग्नाचे बोलावणे आले नाही. आले ते साहेब, निवडणूक, नाहीतर वसुली.

"हे सगळं खरं," सौ. म्हणाली, "पण अहो, वर्षाचे दिवस किती? त्यातले घाटात किती जाणार?" तिने कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. तीनशे चाळीस दिवस बँक, बाजार, मुलांची शाळा. पंचवीस दिवस घाट. तीनशे चाळीस दिवस लिटरला सात-आठ किलोमीटर देणारी, कापडी टपाची, पाठीचे मणके मोजून घेणारी गाडी चालवायची ती पंचवीस दिवसांसाठी? फियाटला दारे आहेत, काचा आहेत, पाऊस बाहेर राहतो. हिशेबात मला कुठे चूक सापडेना. बँकेतला माणूस असून मी एवढेच म्हणालो, "आई त्या पंचवीस दिवसांतच आजारी पडायची."

सौ. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पासबुक काढून दिले.

जीप आली. उंच नाकाची, विलीजच्या १९५३ च्या नमुन्याबरहुकूम महिंद्रने पुढे कितीतरी वर्षे काढली ती. आत तीन दांडे: एक नेहमीच्या गिअरचा, दुसरा पुढची चाके जोडण्याचा, तिसरा जोर वाढवून वेग कमी करण्याचा. मिस्त्रीने पहिल्याच दिवशी कान टोचले. "साहेब, फोर-व्हील चढवतं, थांबवत नाही. ब्रेक मारला की कुठल्याही गाडीची चारच चाकं थांबतात, फियाटची पण. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचा. आणि धुक्यात जीप असो की राजधानी एक्स्प्रेस, डोळे दोनच."

अकरा वर्षांत दुसरा दांडा मी तीन वेळा ओढला. पहिल्यांदा चुकून, मंडईजवळच्या बोळात. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावे लागते आणि या गाडीत पुढच्या-मागच्यांत तडजोड करणारे यंत्र नसते. चिखलात चाके थोडी घसरून भांडण मिटवतात, कोरड्या डांबरावर ती एकमेकांना खेचत राहतात. स्टिअरिंग दगडासारखे घट्ट झाले, टायर ओरडले, मेथीची जुडी हातात धरलेल्या बायकांनी मला वाट करून दिली. दुसऱ्यांदा मेव्हण्याला दाखवायला म्हणून नांगरलेल्या रानात. तिथून आम्हाला बैलांनी बाहेर काढले.

रोजचे म्हणाल, तर सौ.चा हिशेब तंतोतंत खरा ठरला. शिवाय एक गोष्ट तिच्याही हिशेबात नव्हती. मी बँकेचा माणूस, आणि जीपमधून यायला लागलो. ओगलेवाडीच्या बाजूला सहज फिरायला गेलो तरी रस्त्याकडेचे कर्जदार उसात शिरत. एकाने तर मला पाहून, मी न मागता, हप्ता आणून भरला. शाखेच्या वसुलीत त्या वर्षी जी सुधारणा झाली तिचे पेट्रोल मी खिशातून भरले.

तिसऱ्यांदा दांडा ओढला तो १९८९ च्या जुलैत. संध्याकाळी गावाहून ट्रंककॉल आला: आईला ताप, श्वास लागतोय, डॉक्टर पऱ्याच्या अलीकडे अडकलेत. मी एकटाच निघालो. कोयनानगरनंतर पुढचे काही दिसेना. घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणावर दरड आली होती. पुढे दोन एस.टी., चार ट्रक. माझ्या चार चाकांचा तिथे कवडीचा उपयोग नव्हता. दरडीला फोर-व्हील कळत नाही. बांधकाम खात्याची माणसे घोंगड्या पांघरून फावडी-घमेली घेऊन आली आणि कंदिलाच्या उजेडात चार तास माती उपसत राहिली. मीही घमेले उचलले. दुसरे करण्यासारखे काही नव्हते, आणि नुसते बसवत नव्हते.

गावाच्या पऱ्यावर पोहोचलो तेव्हा उजाडत होते. फरशी पुलावरून पाणी चालले होते. कडेच्या खुणेच्या दगडांची डोकी दिसेपर्यंत तासभर थांबलो. मिस्त्रीचे दुसरे सांगणे आठवले: पाण्यात उतरायचे तर फॅनचा पट्टा काढायचा, नाहीतर फॅन पाणी उडवतो, डिस्ट्रिब्युटर भिजतो आणि इंजिन मधोमध मुके होते. बोटांची सालपटे काढून पट्टा काढला. डॉक्टरांना शेजारी बसवले, दोन्ही दांडे ओढले, पहिल्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने उतरलो. पायाखालच्या भोकांतून पाणी आत आले. डॉक्टर बॅग डोक्यावर धरून बसले होते. मी देवाचे नाव घेतले असे पुढे सगळ्यांना सांगतो, पण खरे तर मी इंजिनाचा आवाज ऐकत होतो.

डॉक्टरांनी तपासले आणि न्युमोनिया म्हणाले. लगेच चिपळूणला न्या. आईला दोघांनी उचलून जीपमध्ये ठेवले, कारण त्या पायरीवर तिचा पाय चढणे शक्य नव्हते. कापडी टप गळत होता. तिने दम लागत असतानाही खुणेने छत्री मागितली आणि मोटारीच्या आत छत्री उघडून बसली. तशीच पऱ्या ओलांडून, तशीच चिपळूणपर्यंत. दवाखान्याच्या दारात मी छत्री मिटायला घेतली तेव्हा क्षीण आवाजात म्हणाली, "बैलगाडीत निदान गवत असतं रे, बाळ."

नऊ दिवसांनी ती बरी झाली आणि घाट चढून कऱ्हाडला आली, एस.टी.ने. जीपमध्ये बसायला तिने साफ नकार दिला. पुढली सात वर्षे ती आमच्याकडेच होती. सौ.ने फियाटचा विषय पुन्हा काढला नाही. फक्त ते कॅलेंडरच्या मागचे हिशेबाचे पान बरीच वर्षे देव्हाऱ्याच्या खणात होते, ते मी जीप विकली तेव्हा, १९९७ साली, दिसले.

आता भाच्याला पुण्यात गाडी घ्यायची आहे. रोज हिंजवडीला जायचे आणि पावसाळ्यात गावी. त्याला एसयूव्हीच हवी. एसयूव्ही म्हणजे काय, हे एकदा अर्थखात्याने ठरवले होते: २०१३ च्या अर्थसंकल्पात चार मीटरहून लांब, पंधराशे सीसीहून मोठी आणि जमिनीपासून १७० मिलिमीटर उंच, असा हिशेब लावून कर वाढवला गेला. चाके किती ओढतात हे कोणी विचारले नव्हते. भाच्याने पसंत केलेल्या गाडीची पुढची दोनच ओढतात. मी सांगितले, तर तो म्हणाला, "मामा, ग्राउंड क्लिअरन्स बघा की." २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी पहिल्या मजल्यांपर्यंत चढले तेव्हा उंच गाड्याही बुडाल्या आणि होड्या चालल्या, हे त्याला ठाऊक आहे. पण होडी हप्त्याने मिळत नाही.

"घाटात वर्षाकाठी किती दिवस जाणार?" मी विचारले.

"पंधरा-वीस."

कॅलेंडर मागवावे असे मनात आले होते. पण गावच्या घरी आता त्याची आई असते, एकटीच. मी काही बोललो नाही. शोरूमचा मुलगा चाचणीसाठी गाडी घेऊन आला, आत गारेगार, काचा बंद, टप पोलादी. बाहेर आभाळ भरून आले होते. मी मागच्या सीटवर बसलो, आणि भाचा हसला, कारण मी छत्री बाहेर ठेवली नव्हती.